एकाच शिफ्टमध्ये

रिक्षा थांबायच्या आधीच स्वप्नालीने हात पुढे केले. नरेंद्रने पेंगुळलेल्या आवडीला तिच्या खांद्यावर दिलं, पोरीने नीट खाल्लं नाही एवढं सांगितलं आणि कार्ड पंच करायला आत धावला. बायकोची शिफ्ट सुटली होती, नवऱ्याची लागत होती. अंबरनाथ एमआयडीसीतल्या त्या औषध कंपनीच्या गेटवर त्यांचा संसार रोज असा घटकाभर भरायचा.

तो रात्री परतायचा तेव्हा ती झोपलेली, ती पहाटे निघायची तेव्हा तो. झोपेत कुणीतरी अंगावर पांघरूण घातल्यासारखं तिला वाटायचं. सकाळी वाटायचं, स्वप्नच असेल. आपण नवरा-बायको आहोत की एकाच खोलीतले दोन भाडेकरू, या विचाराने तिला रडू यायचं.

शेवटी धीर करून ती पॅकिंगच्या सुपरवायझर प्रतिभा मॅडमकडे गेली. दोघांची सुट्टी तरी एका दिवशी द्या, एवढंच तिचं मागणं. पण आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तसं झालं. मॅडमनी मालकांमागे भुणभुण लावली, कँटीनशेजारची खोली रंगवून घेतली, तिथे पाळणाघर सुरू झालं आणि नरेंद्रलाही पहिली शिफ्ट मिळाली.

"पोरीला घेऊनच या," मॅडम म्हणाल्या, "आणि जाताना तिघं सोबत जा."

सोमवारी तिघं एकाच रिक्षाने विठ्ठलवाडीला परतली. आवडी वाटभर मांडीवर झोपली होती. घरात उतरतं ऊन फरशीवर पसरलं होतं. नरेंद्र भिंतीला टेकून बसला. त्याच्या कानाजवळ एक पांढरा केस दिसत होता. हा कधी आला, असं स्वप्नालीला विचारावंसं वाटलं, पण नव्या नवरीसारखी ती उगाच लाजली आणि चहाकडे वळली.

"साखर किती घालू?"

"कमी. सोडत आणलीय."

"कधीपासून?"

"झालं वर्ष."

दोघंही हसली. हसता हसता तिचे डोळे भरून आले.

आवडी जागी होऊन दोघांकडे आळीपाळीने बघत होती. आई आणि पप्पा एकत्र दिसले की पुढे काय होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती दाराशी गेली, नरेंद्रच्या चपला छातीशी धरून आणल्या आणि त्याच्यापुढे ठेवल्या.

"पप्पा, टाटा," ती म्हणाली, आणि कडेवर घेण्यासाठी आईकडे हात केले.

नरेंद्र उठला. चपला पुन्हा बाहेर ठेवून आला आणि त्याने दार आतून लावून घेतलं.

आवडी बराच वेळ त्या दाराकडे बघत राहिली.