बेव्हरेज कंपनीतली सून

थाप मारली अनुपने आणि निस्तरायची वेळ आली अबोलीवर. नवरे मंडळींचं हे असंच असतं म्हणा. योकोहामात बसून बँकांची सॉफ्टवेअर लिहिणारा हा शहाणा मुलगा, एक स्वल्पविराम चुकला तर दोन दिवस कपाळ धरून बसेल; पण आईने फोनवर विचारलं, "सूनबाई नोकरी करते म्हणतोस, कुठे?", तेव्हा याने पापणीही न लववता सांगून टाकलं, "बेव्हरेज कंपनीत. क्वालिटी कंट्रोलला."

खरं काय होतं? अबोली एका इंग्लिश पबमध्ये आरुबाइतो करत होती, म्हणजे तासांवरचं काम. लेकीला, ओवीला, पाळणाघरात सोडलं की दहा ते चार. दोन वर्षं ती या देशात नुसती बायको म्हणून राहिली होती. ओल्या-सुक्या कचऱ्याचे वार पाठ करायचे, ट्रेनच्या घोषणा ऐकून जपानी शिकायचं, आणि अनुप आठला आला की दिवसभराचं साचलेलं त्याच्यावर ओतायचं. त्यातून हे काम मिळालं आणि बाईला पुन्हा हाडामांसाची झाल्यासारखं वाटायला लागलं. ते काम तिला जिवापाड प्यारं होतं, आता आणखी काय सांगू?

पण डोंबिवलीच्या सासूला हे सांगणार कोण? साल दोन हजार पाच. मुंबईतले डान्स बार सरकारने नुकतेच बंद केलेले, पेपर त्याच बातम्यांनी भरलेले. त्या दिवसांत 'आमची सून बारमध्ये काम करते' हे वाक्य उच्चारायची कोणाची छाती होती? अनुपची तर नव्हतीच.

आणि मग ऑगस्टमध्ये सासूबाई आल्याच. स्नेहलताबाई. मुंबईच्या दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या, साडीखाली स्पोर्ट्स शूज घालणाऱ्या, कोरा चहा पिणाऱ्या, आणि प्रश्न विचारला की उत्तर येईपर्यंत समोरच्याकडे बघत राहणाऱ्या. सहा आठवडे त्यांनी दम धरला. मग एका बुधवारी सकाळी डबा भरणाऱ्या अबोलीला म्हणाल्या, "रविवारी माझं विमान. त्याआधी तुझी कंपनी दाखव. आज येते तुझ्याबरोबर."

"आई, तिथे सिक्युरिटी पास लागतो," अनुप मोजे शोधत म्हणाला.

"मग बाहेरून बघीन. सुचेतावन्सं दर फोनला विचारतात, सून नक्की काय करते म्हणून. मी काय सांगू?"

अनुपने अबोलीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि पळाला. पळपुटा कुठला!

ओवीला सोडून दोघी ट्रेनमध्ये बसल्या. अबोलीने तीन स्टेशनांत तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. हे घर अनुपच्या शब्दावर चालत होतं आणि अनुप आईच्या. सासूबाईंनी 'सोडून दे' म्हटलं की तो 'जाऊ दे ना, कशाला वाद' म्हणणार, आणि पुन्हा तेच कचऱ्याचे वार.

गल्लीच्या टोकाला हिरव्या रंगाचं लाकडी दार, वर निळ्या कंदिलाची पाटी. स्नेहलताबाई थांबल्या. पाटीवरचं इंग्रजी त्यांनी सावकाश वाचलं.

"अबोली, हा बार आहे."

"पब आहे, आई."

"पब म्हणजे गोऱ्यांचा बार."

अबोलीच्या डोळ्यांत पाणी आलं. "मीच सांगणार होते," ती म्हणाली. "रोज सांगणार होते. तुम्ही आत या, एकदा बघा, मग काय ते बोला. इथूनच परत नेऊ नका मला."

स्नेहलताबाईंनी पदर खांद्यावर नीट घेतला. "परत कशाला? आले आहे तर बघूनच जाईन."

आत ना दिवे लुकलुकत होते, ना गाणी. सकाळीच येऊन बसलेल्या दोन म्हाताऱ्या जपानी बायका तळलेला मासा नि बटाटे खात सुनेच्या तक्रारी करत होत्या (अबोलीला आता तेवढं कळायचं), आणि खिडकीशी एक आजोबा पेपरवर डुलक्या घेत होते. स्नेहलताबाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली. "इथे तर आमचा ज्येष्ठ नागरिक संघ बसलाय," त्या पुटपुटल्या.

मालक मियागावा-सान बाहेर आले. पासष्टीचे, विणलेली बंडी, तोंडात न पेटवलेला पाइप. जहाज कंपनीच्या नोकरीत आठ वर्षं लिव्हरपूलला राहून आलेले, म्हणून इंग्रजी स्वच्छ, पण प्रत्येक शब्द तोलूनमापून. 'आबोरी-सान'ची सासू आली आहे म्हटल्यावर ते कमरेत इतके वाकले की स्नेहलताबाईंनाही घाईघाईने नमस्कार करावा लागला. बाईंनी स्वतः 'कोरा चहा चालेल' असं सांगितलं आणि काउंटरजवळच्या उंच स्टुलावर, आयुष्यात पहिल्यांदाच, चढून बसल्या.

"काय करतेस ते कर," त्या म्हणाल्या. "मी बघते."

घ्या! आता तपासणीच सुरू झाली म्हणायची. अबोलीने अ‍ॅप्रन बांधला आणि तळघराचं दार उघडलं. स्नेहलताबाई चहा तसाच ठेवून मागोमाग उतरल्या.

खाली गारवा होता. लाकडी फळ्यांवर दोन पिंपं आडवी ठेवलेली. अबोली बोलायला लागली ती आधी घाबरत, मग स्वतःला विसरून. ही बिअर बाटलीतल्यासारखी मारून टाकलेली नसते, आई, पिंपात आल्यावरही ती आतल्या आत मुरत असते. एक दिवस अजिबात हलवायची नाही, गाळ खाली बसला पाहिजे. वरच्या लाकडी खुंटीतून तिला हवा द्यायची, पण बेताने. बारा-तेरा अंशांच्या वर जाऊ द्यायची नाही. एकदा उघडली की तीन दिवसांत संपवायची, नाहीतर गेली. वर नेताना गॅस नाही, काही नाही, हाताने पंप मारायचा.

"विरजणाचे लाड आहेत सगळे," स्नेहलताबाई म्हणाल्या. त्यांची नजर भिंतीवर खिळ्याला लटकवलेल्या वहीवर होती. "हे कोण लिहितं?"

"मीच. रोज दोनदा, तापमान."

बाईंनी चष्मा लावला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच अबोलीने त्यांच्या तोंडावर आपल्या घरी असल्यासारखा भाव पाहिला. बोट खाली खाली सरकत गेलं आणि थांबलं. "बारा, बारा, साडेबारा… काल, मंगळवारी सकाळी एकोणीस?"

अबोली म्हणाली, "सोमवारी पब बंद असतो. कूलर बंद पडला होता. मी सांगितलं त्यांना. ते दाइजोबु म्हणाले."

"म्हणजे?"

"म्हणजे काही होत नाही, ठीक आहे."

"आमच्याकडे 'चलता है' म्हणतात," सासूबाई म्हणाल्या आणि वर निघाल्या.

वर मियागावा-सान ग्लास पुसत होते. आज चार वाजता त्यांची महिन्याची मैफल होती. लिव्हरपूलच्या काळातले जहाजवाले दोस्त, वीस-पंचवीस जण, खास तळघरातल्या एका पिंपासाठी येणार होते. डोंगरातल्या एका छोट्या कारखान्यातून ते त्यांनी स्वतः निवडून आणलं होतं. काल उघडून चाखलंही होतं, उत्तम होतं.

अबोलीने त्याच पिंपाच्या पंपाचा दांडा दोनदा ओढला, ग्लास अर्धा भरला, उजेडाकडे धरला. रंग तांबूस, स्वच्छ. नाकाशी नेला. आणि तिचा हात तिथेच थांबला.

"काय झालं?" स्टुलावरून प्रश्न आला, अर्थातच मराठीत.

"काही नाही."

"वास आलाय ना तुला? इकडे आण."

झालं! सासूने दारूचा ग्लास हातात घेतला. अबोलीला धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटलं. पण बाईंनी ग्लास तोंडाशी नेलाच नाही. त्यावर तळहात झाकला, ग्लास गोल फिरवला, तळहात काढून आधी तळहाताचा वास घेतला, मग ग्लासाचा. डोळे मिटून. तीस वर्षं पहाटेच्या गाड्यांमधून उतरलेल्या दुधाच्या कॅनच्या झाकणांचा असाच वास घेतला होता त्यांनी.

"आंबायला लागलंय. व्हिनेगरकडे चाललंय. आज थोडं आहे, संध्याकाळी कोणालाही कळेल. सांग त्यांना."

"मी कशी सांगू, आई? ते चाळीस वर्षं पितायत. मी थेंबसुद्धा पीत नाही. न पिणारी बाई यांना शिकवायला निघाली म्हणतील. आणि चुकले तर? उद्या नोकरीच जाईल."

स्नेहलताबाईंनी ग्लास काउंटरवर ठेवला. "मी तीस वर्षं दूध तपासलं. आजवर एक पेला दूध प्यायलेली नाही. शिसारी येते मला. चहासुद्धा कोरा पिते, बघतेस ना? अगं, आवडणारा माणूस उगाच सांभाळून घेतो. तुझं नाक खरं सांगतंय. जा."

अबोली गेली. तिने वही खिळ्यावरून काढून आणली, मालकांसमोर उघडली, मंगळवारच्या ओळीवर बोट ठेवलं आणि इंग्रजीत म्हणाली, "सर, हे पिंप आज लावू नका. ते आंबलंय. मला माहीत आहे की मी पीत नाही. पण मला वास येतोय."

मियागावा-सानांनी वहीकडे पाहिलं. पाइप खाली ठेवला. ग्लास उचलून एक घोट घेतला, जिभेवर घोळवला. त्या दोन म्हाताऱ्यासुद्धा खायच्या थांबल्या.

"दाइजोबु," ते म्हणाले, आणि अबोली वही मिटायला लागली. मग त्यांनी मान हलवली. "दाइजोबु म्हणालो होतो मी काल. माझी चूक. पाइपने नाक गेलंय माझं." उरलेला ग्लास त्यांनी सिंकमध्ये ओतून दिला, खाली जाऊन पिंपाची तोटी स्वतः बंद केली, आणि येऊन दुसऱ्या, अजून न उघडलेल्या पिंपाबद्दल अबोलीला विचारलं. आपल्या मुलीच्या वयाच्या, न पिणाऱ्या बाईला विचारलं, हे चालेल का?

अबोलीने दुसऱ्या पिंपातलं काढलं, वास घेतला. ओल्या धान्याचा, किंचित संत्र्याच्या सालीचा. तिने शेजारच्या स्टुलाकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" सासूबाई म्हणाल्या. "नोकरी तुझी आहे ना?"

"चालेल," अबोली मालकांना म्हणाली. आणि वहीत आजचं तापमान लिहायला खाली गेली.

चारला दोघी निघाल्या. मियागावा-सान दारापर्यंत आले, पुन्हा वाकले. ऊन उतरलं होतं. स्टेशनवर बाकड्यावर बसल्यावर अबोलीने विचारलंच, "तुम्ही रागावला नाहीत?"

"रागावले ना! अनुपवर रागावलेय. तुझ्या ओढणीला रोज आंबवणाचा वास यायचा. पहिल्या आठवड्यातच कळलं होतं मला, नाकाच्या जोरावर पेन्शन खाते मी. वाटलं, दारूचा कारखाना असेल. तू आपणहून सांगतेस का, याची वाट बघत होते." मग हलक्या आवाजात, "बार म्हटल्यावर मात्र घाबरले होते गं. खूप घाबरले होते."

अबोलीने त्यांचा हात धरला. तेवढ्यात तिचा फोन वाजला. डोंबिवली. सुचेतावन्सं. फोन सासूबाईंनी घेतला आणि पलीकडचा प्रश्न, नेहमीचाच, फलाटावरच्या माणसांनाही ऐकू गेला असेल.

"हो वन्सं, आत्ताच तिच्या कंपनीतून येतेय," स्नेहलताबाई ठणठणीत आवाजात म्हणाल्या. "बेव्हरेज कंपनी. क्वालिटी कंट्रोल… अहो, बाहेरून कशाला? पार आत जाऊन सगळं बघून आले… काय करते म्हणजे? आज माझ्यादेखत एक अख्खा लॉट रिजेक्ट केला तिने. मालक समोर उभा होता, हूं नाही की चूं नाही."

फोन बंद करून त्यांनी तो सुनेच्या हातात दिला. अबोली रडत होती की हसत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं.

"आणि अनुपला इतक्यात काही सांगू नकोस," ट्रेन येताना दिसली तशा त्या उठत म्हणाल्या. "रविवारपर्यंत घाबरू दे त्याला."