वाकणाऱ्या पंखावरचे दोन जादा हात

मित्रांनो, मी एक जुना पंख आहे. खरं म्हणजे पंखाची नुसती पुढची कड, दोन मीटर लांब. पण गप्प बसणं मला अजून जमलेलं नाही. दारातून झुळूक आली की आतल्या दांड्या कुरकुरू लागतात.

जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहरात, एका कार्यशाळेत अभियंत्या व्हीबकेबाईंनी मला घडवलं. प्रवासी विमान उतरताना इतर पंखांच्या फटी उघडतात आणि वारा त्यांत शिरून बोंबलतो. मला फटच नाही. काचतंतूंची माझी कातडी अखंड वाकते. वारा आला, मी लवलो. वारा सरला, मी उठलो. नऊ वर्षं हाच माझा झोका.

मग वाऱ्याच्या बोगद्यातली, म्हणजे यंत्राने सोडलेल्या सोसाट्यातली, शेवटची चाचणी ठरली. वाकलो, तर माझ्यासारखाच घडवलेला धाकटा भाऊ विमानाला लागणार. तुटलो, तर बाईंचं काम कायमचं बंद.

आदल्या दिवशी रंगारी डेटलेफ आला. रंगाचा एकच पातळ हात द्यायचा, असं त्याला बजावलं होतं. "पाहुणे येणार, आणि हा असा फिकट?" तो पुटपुटला, आणि त्याने आणखी दोन हात दिले. मी चमकलो खरा, पण अंग आवळून आलं. सांगणार कोणाला?

बोगद्यात वारा सुटला. मी वाकलो, आणि कट्ट झालं. अंगभर रेघ उमटली.

"तडकली कातडी," प्रमुख हॉल्गरसाहेब म्हणाले. "व्हीबकेबाई, नऊ वर्षं पुरे झाली. आवरा आता."

बाई नुसता चष्मा पुसत राहिल्या.

मागून डेटलेफ पुढे झाला. "साहेब, तडा रंगाला गेलाय. दोन हात मी जास्तीचे मारले."

"कुणी सांगितलं होतं?"

"कुणी नाही. हौस माझी."

"तीस वर्षं इथे रंगवताय, कुणाचं ऐकलंत कधी?" बाईंनी चष्मा चढवत विचारलं.

"बायकोचंसुद्धा नाही, बाई. ती खरवडणी द्या इकडे."

गुडघे टेकून तो स्वतःचाच रंग खरवडत राहिला. खाली माझी कातडी जशीच्या तशी होती. साहेबांनी तिच्यावरून बोट फिरवलं. एकदा, पुन्हा एकदा. "उद्या परत चाचणी लावा," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी वाकलो, उठलो, वाकलो.

धाकटा भाऊ आता आभाळात आहे. मी कार्यशाळेच्या कोपऱ्यात, पुसून-पासून ठेवलेला, आणि वर पाटी: हात लावू नये. निवृत्त डेटलेफ दर शुक्रवारी येतो, पाटी उलटी करतो आणि मला वाकवणारा बाजूचा दांडा फिरवतो.

मित्रांनो, तुम्ही आलात तर मला पुसू नका. तो दांडा फिरवा. मला वाकू द्या.