पाण्याचा जोड

वडिलांचं कमरेचं हाड मोडलं आणि आईचे गुडघे गेले, तेही एकापाठोपाठ एक. वडील वरच्या खोलीत घड्याळं दुरुस्त करत अडकले, आई खाली स्वयंपाकघरात. घरातल्या घरात मोबाइलवर बोलणं दोघांनाही थेर वाटे. मग मुलीनं वरून खालपर्यंत पत्र्याची बोलनळी बसवून दिली, एका तोंडाशी बोललं की दुसऱ्या तोंडाशी ऐकू यावं अशी. गल्लीत तिला पन्हळवाली म्हणत. छपराच्या पाण्याला वाट काढून देण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. आवाजही आपलं ऐकेल, असं तिनं गृहीत धरलं.

आवाजानं काही ऐकलं नाही.

"मी घसा फोडून बोलते आणि माझंच बोलणं माझ्या तोंडावर परत येतं," आई म्हणाली. "रुसून बसायचं वय आहे का यांचं? मी आपली जाते ताईकडे." दाराशी भरलेली बॅग होती. आई पोकळ धमक्या देत नसे.

मुलगी वर धावली. वडील म्हणाले, "दर वेळी मीच बोलायचं होय? तीच उत्तर देत नाही." आई बोलते हो, असं तिनं सांगून पाहिलं, तर "तू तिचीच बाजू घेणार," म्हणून त्यांनी तिलाच उडवून लावलं.

नळी तुंबली असेल म्हणून तिनं दोरीला फडकं बांधून आरपार ओढलं. नळी लख्ख होती. मग तिनं वरचं तोंड उशीनं बंद केलं आणि खालून हाक मारली. वरच्या तोंडापर्यंत पोचली असती तर ती उशीत विरली असती, पण हाक मघासारखीच परत आली. म्हणजे ती वरपर्यंत पोचतच नव्हती. मधूनच कुठूनतरी माघारी फिरत होती. आता मात्र तिला बॅगेचाही विसर पडला.

मध्ये होता तिचा लाडका जोड. वरची नळी बारीक, खालची एकदम रुंद, फट चकतीनं बंद. पाण्याला असाच जोड लागतो, म्हणजे तुंबत नाही. पण पाणी नुसतं खाली पडतं. आवाजाला अचानक रुंदी बदललेली खपत नसावी, भिंत दिसल्यासारखा तो मागे वळत असावा.

चकती काढून तिनं वीतभर लांबीचा निमुळता तुकडा बसवला. आईचा चिरका आवाज सुर्रकन वर गेला. "ऐकू आली!" वडील वरून ओरडले, पण ते जिन्यात उभ्या मुलीलाच ऐकू आलं. नळीतून त्यांचा खर्ज काही उतरेना.

"बघ, अजून गप्पच," आई म्हणाली आणि तिनं बॅग उचलली.

"थांब गं जरा!"

बारीक आवाजाला वीतभर उतार पुरला, मग जाड आवाजाला लांब लागत असेल का? निव्वळ अंदाज. तिनं हाताहून लांब पत्रा कापला, इतका हळूहळू रुंदावत नेला की कुठे रुंदावतो ते बोटालाही कळू नये, आणि बसवला.

नळी खाकरली. मग वडिलांचा आवाज आला, कुणी ऐकतंय याची आशा सोडलेल्या माणसाचा. "चहा झाला का तुझा?"

आई जागीच थबकली. "हे आज सुचलं होय?"

"रोज विचारतो," नळी म्हणाली.

आईनं बॅग खाली ठेवली, तिच्यावरच बूड टेकलं आणि नळीशी तोंड नेलं.

"अजून नाही," ती म्हणाली. "तुमचा?"