नकाशावरची रेघ

विजेच्या सायकलींमुळे मोटारी किती कमी धावतात आणि धूर किती वाचतो, याचा संशोधिका अभ्यास करत होती. त्यासाठी बऱ्याच लोकांनी आपल्या सायकलींना माग काढणारं यंत्र बसवू दिलं होतं. त्यांचे रोजचे रस्ते तिच्या संगणकावर रेघांनी उमटत.

त्या दुपारी एक माणूस गोड हसत समोर येऊन बसला. "मॅडम, माझी बायको तुमच्या अभ्यासात आहे म्हणे. रुसून गेलीय. कुठे राहते, तेवढं सांगा."

हा कोण, ते संशोधिकेने लगेच ओळखलं. नवऱ्याच्या माराला कंटाळून घर सोडलेली एक नर्स अभ्यासात होती; हा तिचाच नवरा. नेमकी तिचीच रेघ पडद्यावर होती, आणि पडदा अर्धा त्याच्याकडे वळलेला.

"आमच्याकडे नावं नसतात, नुसते आकडे," ती कशीबशी म्हणाली. बोलता बोलता तिने पडदा कोपराने आपल्याकडे फिरवला.

"बरं, बघतो मग," म्हणत तो उठला.

दार लागताच तिने नर्सला फोन लावला. "ताई, आज घरी जाऊ नका. त्याने नकाशा पाहिला असावा."

नर्स म्हणाली, "बहिणीकडे जाते."

संध्याकाळी तो खरंच नर्सच्या दारात जाऊन उभा राहिला. शेजारणीने पोलिसांना बोलावलं. ते कळल्यावर संशोधिका पुन्हा संगणकासमोर बसली. मग तिने सगळ्यांच्याच रेघांची घराकडची टोकं पुसून टाकली. तरीही स्वतःच्या घरी जाताना ती दर वळणावर मागे बघत होती.