न नासणारा मासा

माझा धाकटा भाऊ कुंडलिक डोक्यानं तल्लख होता, हे मी आजही नाकारत नाही. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं लोक उगाच म्हणत नाहीत.

तो महाडहून वरंधा घाटानं मासळी आणायचा आणि त्याची बायको सगुणा भोरच्या बाजारात पाटी मांडून विकायची. बर्फ घाटातच विरघळायचा. उन्हाळ्यात दुपारपर्यंत मासा नासायचा, उरलेला पुरून टाकावा लागायचा. चौऱ्याहत्तर साली कुंडलिकाच्या मांडीला मोठं गळू झालं. डॉक्टरांनी लाल-पिवळ्या कॅप्सूल दिल्या आणि आठवड्यात गळू बसलं. झालं, याच्या डोक्यात किडा वळवळायला लागला.

"आक्का, मानसाचं मांस सडायचं थांबतंय, मग माशाचं का न्हाई थांबायचं?"

औषधाच्या दुकानातून तो त्याच कॅप्सूल आणायला लागला. त्या फोडायच्या, पूड बादलीभर पाण्यात कालवायची आणि ते पाणी माशांवर शिंपडायचं. मासा खरंच टिकायला लागला. बाजाराला आलेल्या उत्रोली गावच्या बाया वास घेऊन म्हणायच्या, "सगुणाबाई, तुझा मासा लई ताजा असतोय गं!" सगुणा खुदकन हसायची. तिचे हात दिवसभर त्याच पाण्यात असायचे. नणंद-भावजय असून आमचं कधी वाजलं नाही. माझा जीव होता तिच्यावर.

दुसऱ्या उन्हाळ्यात मासे कापताना शिंगाळा माशाचा काटा तिच्या तळहातात घुसला. असे काटे नेहमीचेच, म्हणून तिनं हळद दाबली आणि पुढचा मासा घेतला. सकाळी हात कोपरापर्यंत टम्म सुजला होता, ताप फणफणला होता. डॉक्टरांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन दिलं. गुण नाही. मग त्याच लाल-पिवळ्या कॅप्सूल दिल्या. तरी हात काळानिळा पडत चालला.

"डॉक्टरसायेब, दुप्पट द्या की!" कुंडलिक म्हणाला. "नामी औषध हाय. माझा मासासुदिक टिकतोय त्याच्यावर."

डॉक्टर दचकले. त्यांनी सगळं खोदून खोदून विचारलं आणि मग कपाळाला हात लावला.

"अरे, तुझ्या पाटीतले जंतू दोन उन्हाळे हेच औषध पीत आलेत. मरायचे ते मेले. ज्यांना ते बाधत नाही, ते उरले आणि वाढले. तेच हिच्या हातात गेलेत. आता मी काय देऊ? पुण्याला न्या लगेच."

आम्ही एसटीनं निघालो. सगुणाचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

"वन्सं, हात कापत्याल का वो? कापू द्या. एका हातानं पाटी सांबाळीन म्या."

कामथडीच्या अलीकडं तिनं मान टाकली. कंडक्टरनं गाडी थांबवली. मी भर रस्त्यात कुंडलिकाला नाही नाही त्या शिव्या दिल्या. तो खाली मान घालून ऐकत राहिला, आणि त्याचा मला आणखीच संताप आला.

महिन्याभरानं तो महाडला गेला, मासळी आणायला नव्हे, सांगायला. तो ज्याच्याकडून माल घ्यायचा त्या कोंडिबा व्यापाऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "येडा का खुळा तू? ही पूड आमी बर्फातच टाकतो. तुझ्या आधीपासून. घाटात बर्फासंगं ती वाहून जाती, एवढंच."

घरी येऊन कुंडलिकानं मला हे सांगितलं आणि भिंतीकडे तोंड करून निजला. माझ्या शिव्याही फुकट गेल्या. कुणाला शिव्या द्यायच्या, तेच मला कळेना.

पुढच्या बाजारी मी गेले. सगुणाच्या जागेवर दुसरी मासेवाली, पारूबाई, बसली होती, त्याच कोंडिबाचा माल घेऊन. मी ओरडले, "बायांनो, घेऊ नगा गं! हात लावू नगा त्या माशाला!" चार माणसं वळून बघायला लागली. सवतीची पाटी बघितल्यागत कशाला वराडतीस, असं पारूबाई म्हणाली. कडेवर पोर घेतलेल्या एका बाईनं मासा उचलून कल्ले उघडले, वास घेतला.

"वास तर न्हाई की," ती म्हणाली. "ताजा हाय."

मी तिचं मनगट धरलं. तिनं हिसडा देऊन ते सोडवलं आणि चांगले मासे निवडायला पाटीत हात घातला.