चौदा नंबरचा उंबरा

चंद्रभागाबाईंचं घर त्यांच्याच झाडूनं घालवलं, असं त्यांची लेक मैत्री म्हणायची, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

नारायण पेठेत महापालिकेच्या भाड्याच्या खोल्यांची एक जुनी इमारत आहे. तिला दोन जिने. पुढचा जिना चंद्रभागाबाई अकरा वर्षं झाडत होत्या. त्या जिन्यावरच्या सात खोल्यांना कुलपं होती. कुणी वारलं, कुणी मुलाकडे वारज्याला गेलं, खोल्या तशाच पडून राहिल्या. पण दाराला कुलूप आहे म्हणून उंबऱ्यानं काय पाप केलंय, असं म्हणून बाई बंद दारांपुढंही झाडू फिरवायच्या, ओलं फडकं मारायच्या. बारा नंबरपुढं कुणीतरी सोडून गेलेली कोरफड होती, तिला तांब्याभर पाणी घालायच्या. हे करा म्हणून त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. नका करू असंही कुणी म्हटलं नव्हतं, कारण कुणाचं लक्षच नव्हतं. निदान बाईंना तसं वाटायचं.

त्यांची स्वतःची खोली कसबा पेठेत होती. दोन वर्षांपूर्वी ती इमारत धोकादायक ठरली, आठ दिवसांत रिकामी करावी लागली आणि मायलेकी आंबेगावला बहिणीकडे गेल्या. बहीण जीव लावणारी होती, पण दोन खोल्यांत सात माणसं म्हणजे जीव लावायलाही जागा पुरत नाही. मैत्रीचा नर्सिंगचा अभ्यास गॅसच्या ओट्याला टेकून चालायचा. बाई उजाडायच्या आत निघायच्या, स्वारगेटला बस बदलायच्या आणि नारायण पेठेत पोचेपर्यंत निम्म्या दमलेल्या असायच्या.

अशात महापालिकेची योजना आली. बंद खोल्या शोधायच्या, दुरुस्त करायच्या आणि धोकादायक इमारतींतून बाहेर पडलेल्यांना कमी भाड्यानं द्यायच्या. नारायण पेठेतली ही इमारत त्यात होती. मैत्रीनं अर्ज भरला आणि सोळावा नंबर आला. मागच्या जिन्यावर बंद खोल्या नऊ, पुढच्यावर सात. बाईंनी बोटांवर मोजलं, परत मोजलं. सोळावी खोली आपली. त्या दिवशी बसमध्ये त्यांनी एका अनोळखी बाईला जागा दिली आणि आंबेगावपर्यंत उभ्यानं हसत गेल्या.

यादी लागली ती नऊ खोल्यांची. सगळ्या मागच्या जिन्यावरच्या. पुढच्या जिन्यापुढं लिहिलं होतं, सर्व खोल्या वापरात.

झालं होतं असं, की पाहणी करणारी मुलं भर दुपारी आली होती. कुलूप काय, नोकरीला गेलेल्यांच्या दारालाही असतं. म्हणून त्यांनी उंबरे पाहिले. मागच्या जिन्यावर कबुतरांची घाण आणि दारात कुजलेली पत्रकं. पुढच्या जिन्यावर लखलखाट आणि वर हिरवीगार कोरफड.

"आई, तू इतकं छान काम केलंस ना, की आपण बेघर झालो," मैत्री म्हणाली. मग आईचा चेहरा बघून तिनं हरकतीचा अर्ज लिहायला घेतला.

कार्यालयात चैताली नावाची तरुण अभियंता होती. तिनं अर्ज दोनदा वाचला. बाईंना वाटलं, आता हसणार. ती हसली नाही. उठून तिनं बाईंना खुर्ची दिली आणि सांगितलं, की मंगळवारी ती स्वतः येईल. तोवर त्या सात दारांपुढं काहीही करायचं नाही. जे आहे ते दिसू दे.

तो आठवडा बाईंनी कसा काढला ते त्यांचं त्यांना ठाऊक. जिना झाडत यायचं आणि बंद दार आलं की झाडू उचलून पुढं जायचं. तिसऱ्या दिवशी पंधरा नंबरचे हिंदुराव दारात उभे राहिले. छापखान्यातून निवृत्त झालेला हा माणूस बोलायचा कमी आणि जे बोलायचा ते टोचून.

"काय हो, उंबरे निवडून झाडायची नवी पद्धत निघालीय का?"

बाईंनी सगळं सांगितलं. हिंदुरावांनी "अस्सं" म्हटलं आणि दार लावून घेतलं.

मंगळवारी चैताली आली. सहा दारांपुढं आठवड्याची धूळ होती, कोरफडीची माती सुकली होती. तिनं सहा वेळा 'बंद' लिहिलं. चौदा नंबरपाशी मात्र ती थांबली. तिथं चपलांचा स्टँड होता आणि वरच्या कप्प्यात बायकी चपलांचा एक जोड, पुसून चकचकीत केलेला.

"इथे कुणीतरी राहतं, मावशी."

तो स्टँड हिंदुरावांचा, पसरत पसरत शेजारच्या बंद दारापुढं आलेला. चपला त्यांच्या पत्नीच्या. त्या जाऊन चार वर्षं झाली होती. बाई रोज झाडताना त्या चपला पुसून परत जागेवर ठेवायच्या. या आठवड्यात उंबरे सोडले, पण एवढ्या चपला काही त्यांच्यानं सोडवल्या नाहीत. आणि आता हे कसं सांगायचं? माणसाच्या दाराशी उभं राहून त्याच्या गेलेल्या बायकोच्या चपलांचा खुलासा करायचा?

पंधरा नंबरचं दार उघडलं. हिंदुरावांच्या हातात कागद होता, आदल्या दिवशीच लिहून ठेवलेला. त्यांनी तो चैतालीला दिला.

"मोठ्यानं वाचा. यांनाही ऐकू दे."

चैतालीनं वाचलं. "खोली क्रमांक चौदा नऊ वर्षं बंद आहे. दारापुढचा स्टँड माझा असून तो मी हलवीत आहे. वरच्या कप्प्यातल्या चपला माझ्या दिवंगत पत्नीच्या आहेत. त्या चंद्रभागाबाई रोज पुसतात. हे मी चार वर्षं दाराच्या फटीतून पाहिलं आहे. आभार मानायचे राहिले होते, ते या अर्जाद्वारे मानतो."

वाचून झाल्यावर चैतालीनं कागदाची घडी घालून तो फाईलमध्ये ठेवला. बाईंनी पदर डोळ्यांना लावला. हिंदुराव म्हणाले, "अर्जाची पोच द्या," आणि आत गेले.

दुरुस्तीला चार महिने लागले. चौदा नंबरचंच पत्र हातात आलं तेव्हा मैत्रीनं पेढ्यांची पहिली पुडी चैतालीला नेऊन दिली. तिनं एक पेढा उचलला आणि बाकीचे पाहणीवाल्या मुलांना वाटले.

राहायला आल्या त्या सकाळी बाईंनी भिंतीवर आधी बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर लावली, हात जोडले. मग झाडू घेऊन बाहेर आल्या. चपलांचा स्टँड दोन दारांच्या मधोमध सरकला होता. वरचा कप्पा रिकामा होता आणि पुसलेला होता, जरासा ओबडधोबड, सवय नसलेल्या हातानं.

पंधरा नंबरचं दार बोटभर उघडं होतं. आतून आवाज आला, "तो कप्पा तुमचा. मैत्रीच्या बुटांना खालचा बघा."

"बरं," बाई म्हणाल्या. दारातल्या आपल्या चपला उचलून त्यांनी वरच्या कप्प्यात ठेवल्या आणि अनवाणीच दोन्ही उंबरे झाडायला घेतले.