समोरून सुलटं

लहानपणी आमच्या घरात टेबल एकच. एका बाजूला ताईचा अभ्यास, समोर माझी चित्रं. ती सारखी मान वाकडी करून "काय काढतेयस?" विचारायची. वैतागून मी कागद तिच्याकडे फिरवला आणि उलटं काढायला शिकले. माझ्या बाजूने उलटं, तिच्या बाजूने सुलटं. दोन रेघांतच ती ओळखायला जायची आणि तोंडावर पडायची.

पुढे जाहिरातीच्या ऑफिसात साहेबांना माझी ही खोड खुपायची. त्यांच्या धाकाने सरळ काढलं, की माझ्या घोड्याचं गाढव व्हायचं. शेवटी नोकरीला रामराम ठोकला आणि भाड्याच्या खोलीत स्वतःचं काम थाटलं. आता गिऱ्हाईक समोर बसून हवं ते सांगतं आणि त्याच्या डोळ्यांदेखत ते सुलटं उमटत जातं. उठायचं नाव घेत नाही कोणी.

काल ताई आली. मी सवयीने कागद तिच्याकडे फिरवला, पण ती समोर बसलीच नाही. टेबलाला वळसा घालून माझ्या खांद्याशी उभी राहिली आणि कितीतरी वेळ बघत राहिली.

"काढताना तुला हे असं दिसतं होय गं?"

"हो. सुलटं तुला दिसायचं ना."